हजार सीसी की बाराशे?

मॉडेल पसंत पडलं, रंगावरून घरात भांडून झालं, आणि घोडं अडलंय ते इंजिनावर, कारण तीच गाडी 1.0 मध्येही मिळते आणि 1.2 मध्येही. मी 5 वर्षं हजारची चालवली, गेली 3 वर्षं बाराशेची चालवतोय. मोजमाप काही केलेलं नाही, अनुभव सांगतो.

शहरात हजार कमी पडत नाही, हे आधीच कबूल करतो. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर तिसरा गिअर पडला तरी नशीब. तिथे जादा ताकद वापरणार कुठे? तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला जाणवते, पण आठवड्यात सवय होते. हायवेला ओव्हरटेक करताना खालचा गिअर घ्यावा लागतो. घ्यायचा.

माझं बिनसलं ते एसीवरून. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात. वर येणारा रॅम्प उभा, वळणाचा, आणि ऐन टोकाला गटाराची जाळी. सकाळी गाडीत आई, दोन मुलं, त्यांची दप्तरं. नेमकं जाळीपाशी वॉचमन हात दाखवून थांबवणार. तिथून गाडी उचलायची म्हणजे क्लच अर्धा, रेस जोरात आणि एक बोट एसीच्या बटणावर. बटण बंद केलं की पाठीवरचं पोतं उतरल्यासारखी गाडी निघायची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटातही तेच. मे महिन्यात, ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून धूर खात. आई दर वेळी विचारायची, "एसी बिघडला का रे?"

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो आणि दोन्ही इंजिनांकडून साधारण सारखीच ताकद मागतो. 65-70 हॉर्सपॉवरमधून ती गेलेली कळते, 80-90 मधून फारशी कळत नाही, एवढाच हिशोब. बाराशे घेतल्यापासून चढावर त्या बटणाला मी हात लावलेला नाही.

अ‍ॅव्हरेजची भीती मलाही होती. हजार शहरात 17 द्यायची, ही 16 देते. गावी जाताना मात्र फरक उरत नाही, कारण भरलेली हजार चढावर पिळावी लागायची. जीएसटीचंही तसंच. चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी 1200 सीसीपर्यंत असली की दर एकच.

बहुतेक वेळ एकटेच फिरत असाल आणि रस्ता सपाट असेल, तर हजार खुशाल घ्या, वाचलेल्या पैशांत विमा निघेल. सीएनजी घ्यायची असेल तर मात्र थोडं थांबा, गॅसवर ताकद आणखी उतरते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. त्यापेक्षा घरच्यांना मागे बसवा, एसी फुल ठेवा आणि गाडी आपल्याच रॅम्पवर नेऊन मधेच थांबवा. सेल्समनला उतरवू नका, त्याचंही वजन धरायचंय.