घरगुती रक्तदाबमापक यंत्र: आधी पट्टा पाहावा

आईसाठी घेतलेले, दंडावर बांधायचे डिजिटल रक्तदाबमापक यंत्र वापरायला सोपे आहे. आकडे ठसठशीत दिसतात आणि जुन्या नोंदी साठून राहतात. मात्र सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठीच आहे, ही बाब खोक्यावर अगदी बारीक अक्षरांत छापलेली खटकते. कारण जाड दंडावर तोकडा पट्टा आवळला की रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि घरात उगाच घबराट उडते. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेले मापच ग्राह्य धरावे. चहानंतर अर्धा तास तरी थांबावे (आमच्याकडे हीच अट सर्वांत जड गेली). एका मिनिटाच्या अंतराने दोन मापे घेऊन वहीत लिहावीत आणि सरासरी सातत्याने १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या परस्पर वाढवू नयेत. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत हे माप चुकू शकते. मनगटावरचे यंत्र मात्र मी सुचवणार नाही, कारण हात किंचित खाली-वर झाला तरी त्यातील आकडा बदलतो.