क्योटोत होडीत बसायचंय, पण कोणत्या?

क्योटोच्या सहलीत होडीसाठी बहुतेकांकडे एकच अर्धा दिवस असतो आणि समोर पर्याय पाच-सहा. फोटोंत सगळे सारखेच दिसतात: हिरवं पाणी, लाकडी होडी, वर चेरीची नाहीतर लाल मेपलची फांदी. प्रत्यक्षात एका ठिकाणी अंगावर पाणी उडतं, दुसरीकडे अडीच किलोमीटरचा बोगदा आहे, तिसरीकडे दोन्ही काठांवर साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, भट्ट्या. सगळ्यात सुंदर कोणती, हे आधी विचारू नका. बरोबर कोण आहे आणि महिना कोणता, एवढं ठरलं की निम्मं काम होतं.

मंडळी धडधाकट असतील आणि एकच होडी करायची असेल, तर माझं मत होझू नदीला. वरच्या अंगाच्या कामेओका शहराहून क्योटोच्या पश्चिम टोकाच्या आराशियामापर्यंत 16 किलोमीटर, पाणी किती आहे त्यावर दीड ते दोन तास. होडीला इंजिन नाही. पुढचा नावाडी लांब वेळूने खडकांना रेटा देतो, दुसरा वल्हं मारतो, मागचा सुकाणू धरतो. मधूनमधून जागा बदलतात आणि तोंड अखंड चालू असतं. बोलणं जपानीत, तरी कुठे हसायचं ते आपोआप कळतं. मध्येच संथ डोह, मध्येच खडकांच्या फटीतून घसरणारं पाणी. पुढच्या रांगेत बसलात तर थोडे भिजणारच.

ही वाट मुळात सहलींसाठी नव्हती. 1606 मध्ये सुमिनोकुरा र्योई या व्यापाऱ्याने नदीतले खडक फोडून ती मोकळी केली, तांबा प्रांतातलं लाकूड, तांदूळ आणि कोळसा तेव्हाच्या राजधानीत, क्योटोत, आणायला. माल उतरला की रिकाम्या होड्या नावाडी काठावरून दोर लावून ओढत वर नेत. त्या दोरांनी खडकांत पाडलेल्या खाचा आजही दाखवतात. आता होड्या ट्रकवर चढून कामेओकाला परततात.

तिकीट मोठ्यांना सुमारे 6000 येन, म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर खिशाला चांगलाच चटका. वर जाताना सागानोची तोरोक्को ही सहलीची छोटी रेल्वे घ्यायची, सव्वासात किलोमीटर त्याच दरीच्या कडेने, आणि उतरताना होडी, ही जोडी ठरलेली आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत तोरोक्को बंद असते. तेव्हा जेआर रेल्वेच्या साध्या गाडीने कामेओका गाठा. होड्या हिवाळ्यातही चालतात, बाजूंनी झाकलेल्या आणि आत शेगडीची ऊब असलेल्या. गर्दी नको असेल तर हाच काळ मला उत्तम वाटतो.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मार्च 2023 मध्ये इथे एक होडी खडकावर आदळून उलटली आणि दोन नावाड्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैत फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. लाइफ जॅकेट नीट बांधा, फोटोसाठी सैल करू नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आणि तान्ह्या बाळांना इथे नेऊ नये असं मी म्हणेन: एकदा निघालं की दोन तास मध्ये कुठे उतरता येत नाही, आणि स्वच्छतागृहही नाही. पाणी चढलं की फेऱ्या रद्द होतात. म्हणून पावसाळी जून-जुलैत किंवा वादळांच्या सप्टेंबरात ही होडी सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. शेवटच्या टप्प्यात खायचे पदार्थ विकणारी होडी येऊन बाजूला लागते. शाकाहारींनी तिथल्या ओदेनपासून, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या पदार्थांपासून, जपून राहावं, त्याचा रस्सा सहसा माशाच्या अर्काचा असतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर मी विचारसुद्धा न करता फुशिमी सांगते. क्योटोच्या दक्षिणेला हा भाग, पाणी सपाट, छोटी मोटरची होडी, मध्ये उतरण्याचा वेळ धरून सगळा फेरा तासाभराच्या आत. होझूच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी पैशांत होतो. काठावर विलो आणि चेरी, मागे साकेच्या भट्ट्यांच्या काळ्या लाकडी भिंती. गेक्केइकानची भट्टी 1637 पासूनची. या होडीचं नाव जिक्कोकुबुने, दहा कोकू म्हणजे साधारण दीड टन तांदूळ वाहणारी. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे किल्ला आणि बंदर उभारलं, तेव्हापासून ओसाकाची मालवाहतूक याच पाण्याने चाले. फेऱ्याच्या टोकाला मिसूचे दरवाजे आहेत: 1929 मध्ये बांधलेले, दोन नद्यांमधल्या पाण्याच्या पातळीचा फरक सांभाळून होड्या पलीकडे सोडणारे. तिथे खाली उतरून छोटं संग्रहालय बघता येतं. मुलांना यंत्रं आवडत असतील तर हा भाग होडीपेक्षाही रंगतो.

फुशिमीचा आणखी एक फायदा नकाशावर दिसतो. लाल तोरींचं, म्हणजे कमानींचं, फुशिमी इनारी देऊळ इथून जाणाऱ्या केइहान रेल्वेमार्गावरच आहे. सकाळी लवकर इनारी, मग चुशोजिमा स्थानकावर उतरून होडी, आणि जवळच तेरादाया सराय, जिथे 1866 मध्ये साकामोतो र्योमा या शोगुनविरोधी सामुराईवर हल्ला झाला होता. मात्र होड्या मार्चच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतात आणि सोमवारी बहुधा सुट्टी असते.

आता माझी आवडती, पण सगळ्यांना सांगण्यासारखी नव्हे: क्योटोच्या पूर्वेकडच्या बिवा तलावाचा कालवा. 1869 मध्ये राजधानी तोक्योला गेली आणि क्योटो ओसाड पडू लागलं. ते सावरायला गव्हर्नर कितागाकी यांनी तलावाचं पाणी डोंगराखालून शहरात आणायचं ठरवलं. काम सोपवलं तानाबे साकुरो या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाकडे, ज्याचा पदवीचा प्रबंधच या कालव्यावर होता. 1890 मध्ये कालवा पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या पाण्यावर शहरातल्या केआगे भागातलं वीजकेंद्र चालू झालं आणि 1895 मध्ये त्या विजेवर शहरात ट्राम धावली. होड्या 1951 मध्ये थांबल्या होत्या, त्या 2018 मध्ये प्रवाशांसाठी परतल्या. तलावाकाठच्या ओत्सुहून केआगेपर्यंत सुमारे 55 मिनिटं. पहिला बोगदा 2436 मीटरचा, आत गारवा आणि विटांवरून ठिबकणारं पाणी. तोंडावर जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्या हस्ताक्षरातली चार अक्षरं कोरलेली. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी टाळावी. होडीत जागा बाराच, फेऱ्या वसंतात आणि शरदात, भाडं दिवसागणिक वेगळं. आगाऊ बुकिंग केलं नाही तर नाद सोडून द्या. केआगेला उतरल्यावर नानझेन-जी देवळापर्यंत चालत जाता येतं. तिथला विटांचा जलसेतू याच कालव्याच्या शाखेचा.

याच कालव्याच्या ओकाझाकीच्या टोकाला चेरीच्या हंगामात, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, वेगळी छोटी होडी चालते: तीन किलोमीटर, 25 मिनिटं, डोक्यावर फांद्यांचं छत. फुलांचा आठवडा साधला तर होझूपेक्षा फोटो इथे बरे येतात. फुलं गळली की मात्र इथे फार काही नाही.

आराशियामाच्या तोगेत्सुक्यो पुलाजवळची छपराची होडी अर्ध्या तासाची. होझूने आलात तर ती घेण्यात अर्थ नाही, तेच पाणी तुम्ही आधी पाहिलेलं असतं. बांबूच्या बनात पाय दुखले आणि नुसतं बसायचंय, एवढ्यापुरती ठीक.

जुलै ते सप्टेंबरमध्ये जात असाल तर संध्याकाळचा पर्याय वेगळाच: लोखंडी टोपलीत पेटवलेल्या लाकडांच्या उजेडात पाणकावळ्यांकडून मासे पकडण्याचा खेळ. तो आराशियामालाही होतो आणि क्योटोच्या दक्षिणेच्या उजी गावालाही. मी उजी निवडेन. गर्दी कमी, दुपारी ब्योदो-इन देऊळ बघून होतं, आणि इथे पाणकावळे हाताळणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. 2014 मध्ये इथल्याच पाळीव पक्ष्यांच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, जपानात असं पहिल्यांदाच घडलं. पक्ष्यांच्या गळ्याला दोरी बांधलेली असते. ते पाहून मुलं हळवी होणार असतील तर आधी सांगून ठेवा, किंवा त्या संध्याकाळी उजीत नुसता माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, प्या.