परसातल्या पेरूची फळमाशी: पिशवी, सापळा की फवारणी?

पेरू बाहेरून पिवळाधमक, चिरला की आत वळवळ. सालीवर नीट पाहिलं तर सुईच्या टोकाएवढा काळपट ठिपका सापडतो. दाबून बघा, भोवतालचा भाग मऊ लागेल. मादीने तिथेच साल टोचून आत अंडी घातलेली असतात. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर पोखरू लागतात, फळ गळतं, अळ्या मातीत जाऊन कोषात जातात आणि पुढे त्यातून नवी माशी निघते. कुठला उपाय या साखळीत नेमका कुठे बसतो, ते बघूनच पैसे खर्च करावेत.

बहुतेकांचा हात आधी पंपाकडे जातो. पण अळी गरात असते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत धड पोचत नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, औषध पोचू शकतं, पण तेच फळ आपल्याला खायचं असतं. शिवाय घरच्या झाडाचे पेरू एकदम तयार होत नाहीत, रोज दोन-चार पिकतात. मग फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर पाळणार कसं? ५ टक्के निंबोळी अर्क त्यामानाने निर्धोक. त्याने माशी थोडीफार दूर राहते, पण पेरूवर तिचा जोर असतो ऐन पावसाळ्यात आणि अर्क तर पहिल्याच सरीत धुऊन जातो. घरच्या एक-दोन झाडांसाठी मी फवारणी यादीतून काढूनच टाकेन.

सापळ्याचं गणित वेगळं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा अनेकांच्या माहितीचा आहे. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाने माश्या आत येऊन मरतात. (हाच घटक तुळशीतही असतो, म्हणून काहीजण चुरडलेली तुळस आमिष म्हणून वापरतात.) मात्र या वासाला भुलतात ते फक्त नर. मोठ्या बागेत नर संपले की माद्यांचं मीलन घटतं आणि पुढची पिढी कमी होते. परसात तसं होत नाही. शेजारच्या आवारातून आधीच मीलन झालेली मादी कुंपणावरून येते आणि सापळ्याकडे ढुंकूनही न बघता पेरूवर बसते. बाटली मेलेल्या माश्यांनी भरलेली आणि पेरू तरीही किडलेले, हा प्रकार त्यामुळेच होतो. सापळा लावाच, पण इशारा म्हणून: त्यात माश्या पडू लागल्या की पिशव्या बांधायला घ्या.

हाताला येणाऱ्या झाडासाठी माझं मत सरळ पिशवीला. फळ लिंबाएवढं झालं की बांधायची, देठाशी फट राहू द्यायची नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्राचा लगदा होतो, तेव्हा पातळ कापडाची पिशवी घ्या; प्लॅस्टिकची असेल तर खालच्या कोपऱ्यांना भोकं पाडा, नाहीतर आत पाणी साचून फळ सडतं. डंख झाल्यावर पिशवी बांधून काही उपयोग नाही, अळी आधीच आत असते. काम किचकट आहे, शंभर फळांना जीव मेटाकुटीला येतो. सगळी बांधणं जमत नसेल तर चांगली निवडून तेवढीच बांधा.

उंच आंब्याला हे जमणार नाही. तिथे सापळा लावायचा आणि झाडावर पाड लागायची वाट न बघता तयार कैऱ्या उतरवून आढी घालायची. खालच्या फांद्यांवरच्या कैऱ्या अंड्याएवढ्या असतानाच कागदी पिशव्यांत घालता येतात.

उपाय कुठलाही निवडा, गळलेली फळं रोज उचलायलाच हवीत, आणि ती खतखड्ड्यात टाकायची नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून उकरली की कोष वर येतात. कोंबड्या असतील तर पुढचं काम त्या करतात.

आणि पेरूच्या बाबतीत एक बिनखर्चाची वाटही आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला येणारी फुलं खुडून टाका. पावसाळ्यातला किडका बहार जातो, झाडाची ताकद पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराला मिळते आणि थंडीत येणाऱ्या त्या पेरूंना माशीचा त्रास बराच कमी असतो.