ब्लॉगसाठी गाय पाळायची की पिशवीचं दूध घ्यायचं?

आमच्या घरी गोठा होता तोवर सगळी माणसं मिळून एका लग्नाला कधीच गेली नाहीत. धारेच्या वेळेला कुणीतरी एक मागे राहायचंच. पुढे गोठा मोडला आणि मी शहरात आलो. मग बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या सर्व्हरवर ब्लॉग चालवायला घेतला, तेव्हा तो गोठा मला पुन्हा भेटला.

मी जुन्या विहिरी आणि बारवांवर लिहितो. २००९ साली ब्लॉगस्पॉटवर सुरुवात केली. २०१४ मध्ये होस्टिंग कंपनीकडे जागा भाड्याने घेऊन त्यावर वर्डप्रेस हा ब्लॉग चालवणारा प्रोग्राम चढवला, २०१७ पासून स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर घेतला आणि गेली दोन-तीन वर्षं साध्या एचटीएमएल पानांवर आलो आहे. त्यामुळे कुणी विचारलं की ‘ब्लॉगस्पॉटवरून स्वतःच्या जागेत जाऊ का?’, तर माझ्याकडे तीन उत्तरं असतात आणि ती एकमेकांशी भांडतात. ती तिन्ही इथे मांडतो.

आधी पिशवीचं दूध, म्हणजे ब्लॉगर (ब्लॉगस्पॉट हे त्याच्याच पत्त्यातलं नाव). ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. तेव्हापासून लिहिणाऱ्याला एक पैसा पडत नाही. सर्व्हर कुठे आहे, तो कधी अद्ययावत होतो, रात्री कोण त्याच्यावर चाल करून येतं, यातलं काहीही तुम्हाला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पाच वर्षांत माझा ब्लॉग बंद दिसल्याचं मला आठवत नाही. पुढे स्वतःच्या सर्व्हरवर असताना मला असं म्हणता आलं नाही, हे आधीच कबूल करतो.

मग अडचण कुठे? बहुतेक जण म्हणतात, ‘गूगलने उद्या बंद केलं तर?’ भीती खोटी नाही. २०१३ मध्ये गूगलचा रीडर (ब्लॉग एकत्र वाचायची सोय) गेला, २०१४ मध्ये ऑर्कुट गेलं. पण मला चावलं ते वेगळंच. २०१२ पासून भारतात ब्लॉगस्पॉट उघडलं की पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट इन’ दिसायचं. आपण सगळे तोच पत्ता उचलून इकडे-तिकडे चिकटवत होतो. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे डोमेनच, म्हणजे पत्त्यातलं मूळ नावच, गूगलच्या हातून निसटलं. लेख जागच्या जागी होते, पण त्यांच्याकडे येणाऱ्या वाटा तुटल्या. माझ्या विहिरींच्या लेखांचे दुवे लोकांनी ज्या ज्या ठिकाणी दिले होते, तिथून वाचक भलतीकडेच जाऊ लागले. तोवर मी स्वतः ब्लॉगस्पॉट सोडलं होतं तरी जुने दुवे जगात फिरत होतेच. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: लेख कुठेही ठेवा, पत्ता मात्र स्वतःच्या नावावर हवा.

त्यासाठी स्वतःचा सर्व्हर लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. डोमेन विकत घेऊन ते ब्लॉगरला जोडता येतं, जोडण्याचे पैसे पडत नाहीत आणि पत्त्याचं कुलूपही, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारं ‘https’, फुकट मिळतं. म्हणजे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’च्या जागेवर ब्लॉग असेल तर हीच सोय पैसे भरूनच मिळते आणि फुकटच्या योजनेत जाहिराती दिसतात. या कारणासाठी तो पर्याय मी फारसा सुचवत नाही.

मराठी कुठे सुखी असते?

आढावे बहुधा इंग्रजी लिहिणाऱ्यांनी केलेले असतात, त्यामुळे हा मुद्दा त्यांत येतच नाही.

ब्लॉगरवर निव्वळ मराठी शीर्षक दिलं की लेखाच्या पत्त्यात त्यातलं काहीच उतरत नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एक आकडा, एवढंच. माझ्या शंभरेक लेखांचे पत्ते असेच होते, कैद्यांच्या बिल्ल्यांसारखे. प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने रोमन अक्षरांत लिहिता येतो, पण ते मला कळेपर्यंत तीन वर्षं गेली होती.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण त्याची गंमत निराळी. पत्त्यासाठी तिथे २०० खणांची जागा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, पाय मोडायची खूण, यातलं प्रत्येक, पत्त्यात लिहिताना नऊ खण खातं. त्यामुळे साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता संपतो. मी ‘महाराष्ट्रातल्या जुन्या विहिरी’ असं शीर्षक दिलं, तर पत्त्यात ‘महाराष्ट्रातल्या-जुन्या’ एवढंच उरलं. विहिरी गायब! असा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी व्हायरस आहे. शेवटी मी सगळे पत्ते रोमनमध्येच केले.

लेख जिथे साठवले जातात त्या डेटाबेसचंही तसंच. जुन्या वर्डप्रेसच्या तक्त्यांत एका चिन्हाला तीन बाइटपर्यंतच जागा होती. देवनागरी तीनमध्ये बसते, इमोजीला चार लागतात. कुणी लेखात एखादा हसरा चेहरा टाकला की तिथून पुढचा मजकूर कापला जाऊ शकायचा. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत हे सुधारलं. पण जुना डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवताना अक्षरसंच चुकला, तर सगळं मराठी टोप्या आणि शेपट्या घातलेल्या रोमन अक्षरांत बदलतं. मी एकदा पूर्ण रविवार हा गुंता सोडवण्यात घालवला आहे.

स्वतःच्या जागेचा खरा फायदाही मला मराठीतच मिळाला. ‘वाऱ्यावर’ हा शब्द संगणकाच्या आत दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण ब्लॉगच्या आतल्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वाचक ‘पायऱ्या’ शोधायचे आणि बारवांच्या पायऱ्यांवरचे निम्मे लेख त्यांना सापडायचेच नाहीत. स्वतःच्या सर्व्हरवर चार ओळींचा कोड लिहून मी दोन्ही रूपं एक केली. ब्लॉगरच्या आतल्या शोधात हात घालायची सोय नाही. तुमचा ब्लॉग संदर्भासाठी वापरला जात असेल, तर हा एकच मुद्दा निर्णय फिरवू शकतो. रोजच्या आठवणी आणि कविता लिहीत असाल, तर याने काहीही बिघडत नाही. छान फाँटसाठीसुद्धा सर्व्हर लागत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ मी ब्लॉगरवर असतानाही लावला होता.

गोठ्यातली कामं

स्वतःचा सर्व्हर घेतला की पहिली ओळख होते ती दार ठोठावणाऱ्यांशी. माझा सर्व्हर सुरू झाला त्या दिवशीच त्याच्या नोंदवहीत वर्डप्रेसच्या प्रवेशपानावर पासवर्ड आजमावणारे येऊन गेले होते. त्यांना तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, तो सगळा यंत्रांचा कारभार आहे. अलीकडे एआय कंपन्यांचे बॉट येऊन सगळी पानं उपसून नेतात, ही त्यात भर. छोट्या सर्व्हरला हे जड जातं. माझ्याकडे एका सकाळी साइट इतकी संथ झाली की मला वाटलं, एखाद्या वर्तमानपत्राने दखल घेतली. पाहतो तर माणूस एकही नव्हता.

मग अद्ययावत करणं आलं. वर्डप्रेस, त्याची थीम (रूपडं), प्लगइन (जोडभाग), पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती), डेटाबेस आणि खालची लिनक्स ही कार्यप्रणाली अशी सहा मजली इमारत आहे आणि प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. ८ वर गेलो तर माझी आवडती थीम पांढरं पान दाखवू लागली, कारण ती बनवणाऱ्याने केव्हाच लक्ष काढून घेतलं होतं. कुलपाचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण नव्वद दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, फक्त मी फायरवॉल कडक करताना ज्या वाटेने ते होतं तीच बंद केली होती. तीन महिन्यांनी वाचकांना लालभडक इशारा दिसू लागला. चूक शंभर टक्के माझी.

बॅकअपचा धडा त्याआधीच मिळाला होता. भाड्याच्या जागेवर असताना होस्टिंगवाल्यांनी ‘रोज बॅकअप’ असं ठळक लिहिलं होतं. बॅकअप रोज व्हायचा हे खरं, पण त्याच डिस्कवर. डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेले. माझी स्वतःची शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची होती. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरून काही लेख काढले, ईमेलने लेख मिळणाऱ्या दोन वाचकांनी जपलेली पत्रं परत पाठवली. बाकीचं गेलं ते गेलंच. त्यात एका गावकऱ्याने विहिरीच्या शिलालेखाबद्दल लिहिलेली मोठी प्रतिक्रिया होती, तिची हळहळ अजून आहे.

फोटो ही आणखी एक भानगड. वर्डप्रेस एका मोठ्या फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या सात-आठ फाइली करून ठेवतं. तीनशे फोटो म्हणजे दोन हजारांवर फाइली, आणि स्वस्त होस्टिंगमध्ये फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते. जाहिरातीत ‘अमर्याद जागा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा हे बारीक अक्षरांत शोधा.

पैशाचं थोडक्यात. स्वस्त होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव पाहून हुरळू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. माझ्याकडे तो अडीचपट झाला होता. स्वतंत्र सर्व्हर महिन्याला पाचशेच्या आसपास, वर जीएसटी. त्याहून मोठा खर्च वेळेचा. माझे महिन्याला अडीच-तीन तास जात, आणि ते तास मला हवे तेव्हा नव्हे, तर सर्व्हरला हवे तेव्हा. घरच्या जुन्या संगणकावर ब्लॉग ठेवायचा मोहही काहींना होतो. वीज जाणं सोडा, बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ताच मिळत नाही. हौस म्हणून जरूर करा.

हे सगळं वाचून गोठा वाईटच असं समजू नका. लिनक्स, डेटाबेस, नेटवर्क, यांतलं मला जे काही येतं ते याच गोठ्यात शेण काढताना आलं. ज्याला ते काम आवडतं त्याच्यासाठी ब्लॉग हे निमित्त असतं, आणि त्यात गैर काही नाही. फक्त लिहायला बसलो की आधी सर्व्हर बघू, असं होऊ लागलं. २०१९ मध्ये मी वर्षभरात चार लेख लिहिले आणि थीम तीनदा बदलली.

तिसरी वाट

आता माझे लेख साध्या मजकुराच्या फाइली आहेत. ह्यूगो नावाचा प्रोग्राम त्यांची काही सेकंदांत एचटीएमएल पानं करतो, ती गिटहब पेजेस या तयार पानं ठेवायच्या सेवेवर फुकट राहतात आणि डोमेन माझं. डेटाबेस नाही, प्रवेशपान नाही, त्यामुळे दार ठोठावणाऱ्यांना दारच सापडत नाही. साइटला एक जीबीची मर्यादा आहे, पण फोटो दोनशे केबीपर्यंत आवळले तर ती भरायला मला आणखी बरीच वर्षं लागतील. उद्या गिटहबने नियम बदलले तर त्याच फाइली दुसरीकडे टाकून डोमेन तिकडे वळवायचं, एका संध्याकाळचं काम. ‘पायऱ्या’ या शब्दाच्या दोन रूपांवरचा माझा तोडगाही इथे तसाच चालतो.

तोटे खरे आहेत. एसटीत बसून मोबाइलवर लेख टाकणं जवळपास अशक्य. प्रतिक्रियांची सोय मुळात नाही. वाचक मला ईमेल करतात आणि मी चांगल्या पत्रातला मजकूर त्यांना विचारून लेखाखाली जोडतो. प्रतिक्रियांवर ज्यांच्या ब्लॉगचा जीव आहे, त्यांनी इकडे येऊ नये. आणि सुरुवातीचे दोन शनिवार-रविवार डोकं खाजवण्यात जातात. निवृत्त शिक्षकांनी विचारलं तर मी त्यांना ब्लॉगर आणि स्वतःचं डोमेन एवढंच सांगतो, ह्यूगोचं नावही काढत नाही. कॉलेजातल्या भाच्याने विचारलं, तेव्हा सरळ म्हणालो, एक छोटा सर्व्हर घे, मोडू दे, शीक.

एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: आपण नसताना काय? स्वतःचा सर्व्हर पैसे थांबले की महिन्या-दोन महिन्यांत पुसला जातो. मरायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा आपोआप वळत्या होणाऱ्या कार्ड-पेमेंटचा नियम लागू झाला आणि माझ्या डोमेनचं नूतनीकरण गुपचूप अडलं. सूचना स्पॅममध्ये पडली होती. नवव्या दिवशी सांगलीहून एका वाचकाचा फोन आला, ‘विहिरी आटल्या का हो?’ सवलतीच्या मुदतीत होतो म्हणून डोमेन वाचलं. ब्लॉगरवरचे लेख यापेक्षा जास्त टिकतात, पण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. त्यासाठी खात्यातच निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे. आपल्यामागे माहिती कुणाला द्यायची, ती नावं तिथे भरून ठेवता येतात. तेवढं आजच करा. डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंतचं भरता येतं, मी पाच वर्षांचं भरलं आहे.

पासवर्ड आणि चार ओळींची कृती एका पाकिटात घालून ते बायकोकडे दिलं आहे. डोमेन संपण्याची तारीख मात्र कुठल्याही ॲपमध्ये नाही. दर जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीवर चढलं की ती मी हाताने त्यावर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी.