ऑग्सबर्ग की नांत?

भाचीला निबंधासाठी युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांवरचा एकच तोडगा निवडायचाय: जर्मनीतला ऑग्सबर्गचा तह (१५५५) की फ्रान्समधलं नांतचं फर्मान (१५९८)?

मोकळीक कुणाला? ऑग्सबर्गमध्ये संस्थानिकाला. त्याचा पंथ तोच प्रजेचा. पटत नसेल तर घरदार विकून चालते व्हा. कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंटांचाच एक गट) तर हिशेबातच नाहीत. नांतने ह्यूगनॉटांना (फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना) ठरावीक ठिकाणी उपासना, सरकारी पदं, वर तटबंदीची गावं दिली. (तटबंदी १६२९ मध्ये काढून घेतलीच म्हणा.)

टिकाऊपणा? ऑग्सबर्ग १६१८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांचं युद्ध पेटेपर्यंत, कसंबसं तगलं. फर्मान ८७ वर्षं. मग चौदाव्या लुईने ते रद्द केलं आणि विणकर, घड्याळजी लंडन-बर्लिनला परागंदा झाले.

राज्यसत्तेवर लिहायचं तर ऑग्सबर्ग घे, स्थलांतरावर लिहायचं तर नांत.