यूसीएससी जीनोम ब्राउझर: समान पूर्वजाचा पुरावा दाखवायला कितपत कामाचा?

माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए ९९ टक्के सारखा, असं वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: शरीरं सारखी, मग डीएनए सारखा असणारच, त्यावरून पूर्वज एक होता हे कुठे ठरलं? प्रश्न रास्त आहे आणि टक्केवारीने त्याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी दोन्ही प्राण्यांच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, अगदी त्याच जागी पडलेलं, कुणाच्याच कामाचं न राहिलेलं भंगार दाखवावं लागतं. हे फुकटात दाखवणारी जी मोजकी साधनं आहेत, त्यांत जीनोम नकाशासारखा उघडून दाखवणारं संकेतस्थळ, यूसीएससी जीनोम ब्राउझर, सगळ्यात उजवं. पण उघडल्याबरोबर जे दिसतं त्यावर विसंबलात तर फसाल.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत हा ब्राउझर तयार झाला आणि तिथूनच चालतो. मानवी जीनोमचा पहिला जुळवलेला मसुदा ७ जुलै २००० रोजी याच गटाने इंटरनेटवर खुला केला होता. तुकडे जुळवण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता जिम केंट यांनी. पत्ता जीनोम डॉट यूसीएससी डॉट ईडीयू. नावनोंदणी लागत नाही, पैसे पडत नाहीत. भारतातून उघडलं की बहुधा जपानमधल्या आशियाई प्रतीकडे पाठवलं जातं, मजकूर तोच. मोबाइलवर उघडतो, पण वापरण्यात अर्थ नाही, लॅपटॉप हवाच. सगळा कारभार इंग्रजीत आहे, त्यामुळे खाली दिलेली जनुकांची नावं रोमन अक्षरांतच टाइप करायची.

पहिलं काम आवृत्ती ठरवण्याचं. मानवी जीनोमची एचजी१९ ही आवृत्ती २००९ची, एचजी३८ डिसेंबर २०१३ची, आणि टोकापासून टोकापर्यंत पूर्ण वाचलेली एचएस१ त्यानंतरची. एकाच जागेचा क्रमांक या तिन्हींत वेगळा असतो. जुन्या लेखातला क्रमांक नव्या आवृत्तीत टाकला की भलतीच जागा उघडते, आणि ब्राउझर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. क्रमांक बदलून घ्यायला लिफ्टओव्हर नावाची सोय आहे. त्याहून सोपं म्हणजे जनुकाच्या नावाने शोधणं. खालचं सगळं एचजी३८ धरून आहे.

दुसरं काम पसारा आवरण्याचं. सुरुवातीलाच डझनभर ट्रॅक, म्हणजे माहितीच्या आडव्या ओळी, उघडे असतात आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. ‘हाइड ऑल’ दाबा आणि तीनच ट्रॅक चालू करा: जेनकोड (जनुकं) ‘पॅक’मध्ये, रिपीटमास्कर (पुन्हापुन्हा येणारे तुकडे) ‘डेन्स’मध्ये, आणि कम्पॅरेटिव्ह जीनोमिक्सच्या गटातला प्रायमेट चेन/नेट (माकड-वानरांच्या जीनोमशी जुळणी) ‘फुल’मध्ये. पर्याय निवडल्यावर ‘रिफ्रेश’ दाबायला विसरू नका. नुसतं निवडून चित्र बदलत नाही.

आता गुणसूत्र क्रमांक २. माणसाची गुणसूत्रं ४६. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांची ४८. पूर्वज एक असेल तर दोन गुणसूत्रं जोडली गेल्याची खूण माणसात सापडायला हवी. ती इथे दोन प्रकारे दाखवता येते.

सोपा प्रकार असा. गुणसूत्र २ वर १० कोटीव्या बेसपासून (डीएनएच्या अक्षरापासून) पुढचा एक लाखाचा पट्टा उघडा. वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘इन अदर जीनोम्स (कन्व्हर्ट)’ आहे, तिथे चिंपांझी निवडा. उत्तर येतं चिंपांझीच्या २ए गुणसूत्रावर. मग १४ कोटीव्या बेसपासून तेवढाच पट्टा घ्या. उत्तर येतं २बी वर. आपल्या एका गुणसूत्राचे दोन भाग तिकडे दोन वेगळ्या गुणसूत्रांवर सापडले. दोन मिनिटांचं काम, आणि वर्गात यालाच सर्वांत जास्त दाद मिळते.

अवघड प्रकार म्हणजे सांधा प्रत्यक्ष पाहणं. शोधपेटीत डीडीएक्स११एल२ टाइप करा, निकालावर जा आणि तिप्पट झूम-आउट करा. ११ कोटी ३६ लाखांच्या आसपासचा भाग उघडेल; एचजी१९मध्ये हीच जागा ११ कोटी ४३-४४ लाखांच्या घरात होती. गुणसूत्राच्या टोकांवर टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो इथे शोधायला बहुतेक जण ब्लॅटमध्ये (ब्राउझरमधली क्रम शोधण्याची सोय) टाकतात आणि हात हलवत परत येतात. कारण जीनोमभर वारेमाप आढळणारे तुकडे ब्लॅट मुद्दाम सोडून देतो. त्यासाठी ‘शॉर्ट मॅच’ हा ट्रॅक चालू करून त्यात ती सहा अक्षरं भरायची. मग सांध्याच्या डावीकडे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी अधिक धाग्यावरच्या खुणा दाटीने दिसतात आणि उजवीकडे वजा धाग्यावरच्या, म्हणजे दोन टोकं समोरासमोर येऊन चिकटलेली. खुणा अखंड रांगेत नाहीत, मध्येमध्ये तुटक आहेत. शॉर्ट मॅच तंतोतंत जुळणारंच दाखवतो आणि लाखो वर्षांच्या उत्परिवर्तनांनी बरेच तुकडे एखाद्या अक्षराने बिघडले आहेत. टोक म्हणून त्या जागेचं काम संपलं, त्यामुळे ते बिघाड नैसर्गिक निवडीने पुसले गेले नाहीत.

‘सांधा तर एका जनुकाच्या हद्दीत आहे, मग तो सांधा कसा?’ असा आक्षेप घेतला जातो. डीडीएक्स११एल या कुळातल्या प्रती इतरत्र कुठे आहेत ते पाहा: डीडीएक्स११एल१ गुणसूत्र १ च्या अगदी टोकाशी बसलेला आहे. टोकाला राहणाऱ्या कुळातला एक सदस्य गुणसूत्राच्या मध्यावर सापडतो, तेव्हा आक्षेपच पुराव्याच्या बाजूने जातो. जुन्या, बंद पडलेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं त्या भागाचे) अवशेष याच गुणसूत्रावर पुढे २क्यू२१ पट्ट्यात आहेत. रिपीटमास्करमध्ये अल्फा सॅटेलाइट या सेंट्रोमिअरमधल्या पुनरावृत्तीचे तुकडे म्हणून ते नोंदलेले दिसतात. पण तो भाग पुनरावृत्तींनी इतका भरलेला आहे की वर्गात दाखवण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरा नमुना क जीवनसत्त्वाचा, आणि ब्राउझरची खरी ताकद इथे कळते. क जीवनसत्त्व तयार करण्याच्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम गुलो जनुकातून बनतं. उंदीर, कुत्रा, गाय यांच्यात ते शाबूत आहे. आपल्यात मोडलं आहे, म्हणून लिंबू-आवळा खावा लागतो. शोधपेटीत जीयूएलओपी टाइप केलं की गुणसूत्र ८ वर हा मोडका अवशेष उघडतो. आता झूम-आउट करून शेजारी बघा: एका बाजूला ईपीएचएक्स२, दुसऱ्या बाजूला सीएलयू. उंदराचा जीनोम उघडून गुलो शोधा. गुणसूत्र १४, जनुक धडधाकट, आणि शेजारी तेच दोघं. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तसंच हे: गट क्रमांक बदलला, घर पडलं, तरी शेजाऱ्यांवरून जागा तीच आहे हे पटतं. मानवी जागेवरून पुन्हा ‘कन्व्हर्ट’ने चिंपांझीवर गेलात तर तिथेही पडकंच घर मिळतं.

करताना एक काळजी घ्या. फक्त जीयूएलओपी एवढाच छोटा पट्टा उंदरावर नेऊ नका. मधलं बरंच गळालेलं असल्याने जुळणी तोकडी पडते किंवा नकार येतो. दोन्ही शेजारी धरून पट्टा घ्या. निकालात दोन टक्केवाऱ्या येतात: किती बेस जुळले आणि एकूण किती लांबी व्यापली गेली. दुसरी मोठी आणि पहिली लहान असेल तर घाबरायचं कारण नाही, दूरच्या नात्यात तसंच होतं.

माकडं, वानर आणि माणूस यांच्या समान पूर्वजात ही मोडतोड झाली. लेमूर आणि लोरिस या त्यांच्या दूरच्या नातलगांत जनुक शाबूत आहे. गिनीपिगमध्येही ते मोडलं आहे, पण मोडण्याची तऱ्हा निराळी, म्हणजे तो अपघात स्वतंत्र. ही तुलना मुद्दाम करावी, कारण ‘मोडलं’ आणि ‘सारखंच मोडलं’ यांतला फरक तिने कळतो.

सायटोक्रोम सी हा तिसरा नमुना पाठ्यपुस्तकांचा लाडका. माणूस आणि चिंपांझी यांचं हे प्रथिन अक्षरशः एकच आहे, ऱ्हीसस माकडात एका अमिनो आम्लाचा फरक. हे तपासायला सीवायसीएस जनुकाच्या पानावरून प्रथिनाची १०५ अक्षरं उचलून ब्लॅटमध्ये टाकावीत, तर एकाऐवजी डझनावारी निकाल येऊन पडतात. साधन बिघडलेलं नाही. या जनुकाच्या निरुपयोगी नकला आपल्या जीनोममध्ये पन्नासच्या घरात विखुरलेल्या आहेत. खरं जनुक गुणसूत्र ७ वर. ओळखायची खूण म्हणजे ‘स्पॅन’चा, म्हणजे जीनोमवर व्यापलेल्या लांबीचा, रकाना. १०५ अक्षरांना ३१५ बेस पुरतात. नकला साधारण तेवढ्याच लांबीच्या असतात, कारण त्या आरएनएवरून उलट उतरवलेल्या आहेत आणि त्यांत इंट्रॉन (आरएनएमधून कापून टाकला जाणारा जनुकाचा मधला भाग) नाही. खऱ्या जनुकात मध्ये इंट्रॉन असल्याने स्पॅन त्याहून मोठा दिसतो. मग एखादी नक्कल निवडा आणि चिंपांझीत त्याच जागी आहे का ते पाहा. प्रथिनाच्या तुलनेपेक्षा हा पुरावा जास्त बोलका ठरतो: प्रथिन कामाचं आहे म्हणून सारखं राहिलं असेल, पण निरुपयोगी नक्कल दोघांत एकाच जागी का असावी?

ब्लॅटच्या मर्यादा माहीत असाव्यात. एका वेळी डीएनएचे २५,००० बेस, प्रथिनाची १०,००० अक्षरं, जास्तीत जास्त २५ क्रम. डीएनएची जुळणी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त सारख्या तुकड्यांसाठी बेतलेली आहे. त्यामुळे माणसाचा डीएनए चिंपांझीवर छान बसतो, उंदरावर फारसा बसत नाही. मग ‘उंदराशी नातंच नाही’ असा निष्कर्ष कुणीतरी काढतो. दूरच्या प्राण्यांसाठी प्रथिन टाकावं. त्याहून दूर, म्हणजे यीस्टपर्यंत जायचं तर एनसीबीआय या अमेरिकी संस्थेचा ब्लास्ट हा शोधप्रोग्रॅम वापरा. तो रांगेत थांबवतो, पण पुसट नातीही पकडतो. शिवाय ब्लॅटची ‘आयडेंटिटी’ फक्त जुळलेल्या भागापुरती असते. ९९ टक्के दिसलं तरी मूळ क्रमातला किती भाग जुळला हे शेजारचे रकाने पाहूनच ठरवायचं. हाच घोळ त्या प्रसिद्ध आकड्यातही आहे: २००५च्या चिंपांझी जीनोममधला १.२३ टक्के फरक हा जुळणाऱ्या भागातल्या एकेका अक्षराचा; घुसलेले-गळालेले तुकडे त्यात धरलेले नाहीत.

कॉन्झर्व्हेशन ट्रॅकबद्दल मात्र तक्रार आहे. १०० पृष्ठवंशीयांची एकाखाली एक जुळणी दिसते, देखणी दिसते, पण प्राण्यांचा क्रम माणसापासूनच्या अंतराने लावलेला आहे. वर माणूस, खाली मासे. ज्याच्या डोक्यात उत्क्रांतीची शिडी आधीच बसलेली आहे, त्याची समजूत हे चित्र आणखी घट्ट करतं. ट्रॅकच्या माहितीपानावर वंशवृक्ष आहे, तो आधी दाखवा. दुसरं, सगळी जुळणी माणसाला पाया धरून केलेली आहे; माणसातून नाहीसं झालेलं, पण उंदरात असलेलं काही इथे दिसणारच नाही. त्यासाठी उंदराचा जीनोम उघडून उलटीकडून पाहावं लागतं.

रिकाम्या जागा वाचायलाही शिकावं लागतं. एकेरी रेघ म्हणजे त्या प्राण्यात तिथे बेसच नाहीत. दुहेरी रेघ म्हणजे तिथे काहीतरी आहे, पण जुळत नाही. फिकट पिवळा म्हणजे तो भाग वाचलाच गेलेला नाही. पिवळ्याला ‘जनुक गेलं’ समजणं ही नेहमीची चूक. कोंबडीत लेप्टिन नाही अशी समजूत बरीच वर्षं होती. जी आणि सी या अक्षरांनी गच्च भरलेला तो भाग यंत्रांना वाचता येत नव्हता, इतकंच. २०१६ साली ते जनुक सापडलं.

एखाद्या जागी गोरिला माणसाला चिंपांझीपेक्षा जवळचा निघाला तर गोंधळू नका. जीनोमच्या साधारण ३० टक्के भागात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला, त्या दोघांच्या आपसातल्या नात्यापेक्षा, जवळचा निघतो, कारण तिघांच्या वाटा फार कमी काळात फुटल्या आणि पूर्वजांच्या कळपातली जुनी विविधता तिघांत वेगवेगळी वाटली गेली. नातं एका जनुकावरून ठरवायचं नसतं. जनुकांचे वंशवृक्ष तयार हवे असतील तर एन्सेम्बल हा दुसरा जीनोम ब्राउझर या बाबतीत सरस आहे; यूसीएससीकडे तशी सोय धडाची नाही.

वर्गात नेटचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशी ‘व्ह्यू’ मेनूतून पीडीएफ काढून ठेवा: सांधा, जीयूएलओपी आणि त्याचे शेजारी, सायटोक्रोमची एक नक्कल. चित्र रेघांच्या स्वरूपात उतरतं, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. पीडीएफच्या नावातच एचजी३८ लिहून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी एचएस१ उघडलं की आकडे का जुळत नाहीत यातच तास जाईल.