‘दोन महिने फ्रीजमध्ये ठेवा’ म्हणणाऱ्या बियाणेवाल्यापासून सावध

आधी आकडे सांगते. कॅक्टसच्या बियांचे २,१५०, ‘उगवण पावडर’चे ७८० आणि परवान्याच्या नावाखाली २,५००. एकूण ५,४३० रुपये. बदल्यात मिळालं काय, तर माठाची भाजी. काटेमाठ असता तर निदान काटे तरी मिळाले असते.

मी नवशिकी नाही. ॲस्ट्रोफायटम, मॅमिलेरिया बियांपासून वाढवलेत. पण ॲस्ट्रोफायटमचं ताजं बी दोन-तीन दिवसांत फुटतं, त्यात कसली मर्दुमकी? म्हणून अवघड जातींकडे वळले. ॲझ्टेकियम, ब्लॉसफेल्डिया आणि पेडिओकॅक्टस, प्रत्येकी ५० बिया. विकणारा गोडबोल्या, लॅटिन नावं तोंडपाठ. अट एकच: तिन्ही पाकिटं ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन महिने फ्रीजमध्ये. “ताई, या जाती हट्टी असतात. घाई केलीत तर बी गेलंच म्हणून समजा.”

इथेच माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. थंडी लागते ती पेडिओकॅक्टसला. अमेरिकेच्या पश्चिमेकडे हिवाळा काढणारा तो, थंडी खाल्ल्याशिवाय जागा होत नाही. ॲझ्टेकियम मेक्सिकोतलं, त्याला ऊबच हवी. मग तिघांना एकच नियम कसा? बरं, बी पांढऱ्या कागदावर ओतलं तर तिन्ही पाकिटांतलं हुबेहूब सारखं. काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक, कागद जरा तिरका केला की घरंगळणारं. ब्लॉसफेल्डियाचं बी म्हणजे निव्वळ धूळ, जोरात श्वास सोडला तरी उडेल. मी विचारलं, नाही असं नाही. “निवडून काढलेलं टपोरं बी आहे, ताई.” पटलं. हसायचं तर हसा, पण ब्लॉसफेल्डियाचं बी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली किती माणसं तुमच्या ओळखीत आहेत?

दोन महिने कशाला, ते नंतर उमगलं. ज्या ॲपवरून घेतलं त्यावर तक्रारीची मुदत ३० दिवस. अवघड कॅक्टसचं बी संथ असतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याचाच हा धंदा.

मधल्या काळात पावडर गळ्यात मारली. म्हणे जिबरेलिक ॲसिड, बी उगवायला मदत करणारं संप्रेरक. पुडीवर ना नाव, ना प्रमाण. मग परवाना. ॲझ्टेकियम रिटेरी साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे हे खरं, म्हणून तर घाबरले. “कागद नसेल तर कारवाई तुमच्यावर.” आलेल्या कागदावर माझं नाव नाही, बियांची संख्या नाही. असा परवाना सरकारी खातं देतं आणि माल देशाबाहेर पडायच्या आधी देतं. पाकीट घरी पोचल्यावर परवाना विकायला येतो तो भामटाच.

पेरलं तेव्हा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि वाळू कुकरमध्ये उकडून घेतली होती, कुंड्या झिपच्या पिशव्यांत बंद. आठवड्याभरात तिन्ही कुंड्या एकदमच हिरव्या! कॅक्टसचं रोप सुरुवातीला हिरवा मणी असतो, डोक्यावर जेमतेम दोन टोकं. माझ्याकडे गुलाबी दांडी आणि दोन लांबट पानं. त्याचं उत्तर तयारच होतं: “माती नीट उकडली नाही, तण आलंय.” बी सुईच्या टोकाने ओळीत ठेवलं होतं हो, तण काय ओळीत येतं? एवढं विचारलं आणि त्याने ब्लॉक केलं.

पुढचा तमाशा याहून वाईट. ॲपवाले म्हणाले मुदत संपली. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कसली? पोलिसांनी आधी विचारलं, “बी उगवलं का?” उगवलं म्हटलं. “मग तक्रार काय?” शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “निवडुंग? बांधावर फुकट आहेत की.” सगळे हसले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब बाहेर. बियाण्याची फसवणूक म्हणून शेती खात्याकडे जा म्हणाले; तिथे कळलं की कॅक्टस त्यांच्या पिकांच्या यादीतच नाही. ग्राहक तक्रारीला म्हणे पक्कं बिल हवं. भामटा पक्कं बिल देईल तर भामटा कसला? ५,४३० रुपयांसाठी कोणी हलत नाही, आणि हे त्या माणसाला माझ्याआधीपासून ठाऊक असणार.

बी घेण्याआधी मिलिमीटरच्या आलेख कागदावर ठेवलेल्या बियांचा फोटो मागा. आईझाडाचा, पिकलेल्या फळासकट. बी कधी काढलं तेही विचारा, उडवाउडवी झाली की विषय बंद. निळे, जांभळे, इंद्रधनुषी कॅक्टस दाखवणाऱ्याकडे तर फिरकूच नका. ऊब चालणाऱ्या जातीच्या चार बिया पाकीट आल्या दिवशीच पेरून बघा, विकणारा काहीही म्हणो. आणि प्रत्येक पाकिटातल्या दहा बिया न पेरता बाजूला ठेवा. पोलिसांनी शेवटी मूळ बी पुरावा म्हणून मागितलं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त माठ होता.